खुर्चीतला कापूस

१

माणूस कसा आहे हे मला त्याच्या तोंडावरून कधी कळलं नाही. तो उठून गेला की कळतं. धंदाच तसा. सोफे, खुर्च्या, गाद्या उसवायच्या, भरायच्या आणि पुन्हा शिवायच्या. "यांचा उभा जन्म लोकांच्या बुडाखाली गेला," असं माझी बायको पाहुण्यांना सांगायची आणि माझ्याकडे न बघता हसायची.

पण खरं सांगतो, शहर बघायचं तर बसायच्या जागा बघाव्यात. दवाखान्यातल्या बाकाचं रेक्झिन नेहमी पुढच्या कडेला फाटतं, कारण तिथे कुणी पाठ टेकून बसत नाही. वकिलाकडे अशिलाच्या खुर्चीचे हात झिजतात आणि वकिलाच्या खुर्चीची पाठ झिजते. मोठ्या घरातला भारी सोफा वर्षानुवर्षं कोराच राहतो, अन् स्वयंपाकघरातलं एक स्टूल पार खचलेलं असतं. त्या घरात कोण राबतं ते मग विचारावं लागत नाही.

आमच्या घरात खिडकीपाशी एक खुर्ची आहे. ती हिची. उजवा गुडघा गेलेला, म्हणून ही सगळा भार डावीकडे टाकून बसायची, आणि खुर्चीची बैठकही डावीकडे खोल गेली होती. त्याच खुर्चीत ही गेली. दुपारी कधीतरी. मी संध्याकाळी दुकानातून आलो, तेव्हा रेडिओ चालू होता आणि ही नेहमीसारखी डावीकडे कलून बसली होती. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, एका गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडली. बराच वेळ मी तिच्याशी बोलत होतो.

२

ती गेल्यानंतर मला त्या बैठकीतल्या खळग्याकडे बघवेना. येता-जाता नजर तिथेच. शेवटी एका रविवारी दाभण घेतला आणि बैठक उसवून टाकली.

आतला कापूस हातात घेतला आणि धंद्यातला माणूस जागा झाला. लांब धाग्याचा, जुना, अस्सल. असा माल आता दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही. दुसऱ्या कुणी फेकलाही असता, मी नाही. मी काहीच फेकत नाही. "कापूस मरत नाही हो, पिंजला की उठून बसतो," हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की शेजारचा चष्मेवाला माझ्याआधी म्हणून टाकतो.

आमची मुलगी नुकतीच नव्या नोकरीला लागली होती. दिवसभर संगणकासमोर बसायचं काम. अंगाने इतकी बारीक की घरात तिला सगळे काडीच म्हणायचे, आणि त्यात पाठ धरलेली. मी तो कापूस पिंजला, छान दाबून भरला, निळं कापड लावलं आणि तिच्या ऑफिसच्या खुर्चीसाठी कुशन करून दिलं. हिच्या खुर्चीत नवा फोम घातला.

"कापूस आईच्या खुर्चीतला आहे," मी म्हणालो.

काडीने कुशन गालाशी धरलं. रडली. मग नाक पुसत म्हणाली, "म्हणजे आता आईच्या मांडीवर बसून काम करायचं. साहेब काय म्हणतील?"

आम्ही दोघंही हसलो. हिच्या जाण्यानंतर घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

३

काही आठवड्यांनी तिने कुशन परत आणलं.

"बाबा, या वेळी तुमचा हात बसला नाही. हे बघा, एकीकडे खचलंय."

मी ते दिव्याखाली धरलं. डावीकडे खळगा पडला होता. चांगला खोल. मी तळवा ठेवला तर मनगटापर्यंत आत गेला.

आता, काडी बसते कशी ते मला माहीत आहे. लहानपणापासून पाय वर घेऊन, मधोमध, पाखरासारखी. तिच्या वजनाने माझं भरलेलं कुशन वर्षभरात सुद्धा असं बसणार नाही. पण मनाला काहीतरी उत्तर लागतंच. म्हटलं, पर्स ठेवत असेल. पायावर पाय टाकून बसत असेल, हल्लीच्या पोरी बसतात तशी. किंवा माझाच हात थकला असेल. वय झालं की टाकेसुद्धा आळशी होतात.

कुशन उसवलं, कापूस पुन्हा पिंजला, आधीपेक्षा घट्ट भरला. आठवडाभरात तेच. डावीकडेच.

४

माझ्या दुकानाला लागून चष्मेवाल्याचं दुकान. आमची दोस्ती जुनी, म्हणजे एकमेकांचा अपमान करण्याइतकी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो माझ्याकडे येतो आणि दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवर लोळतो. त्याला कुशन दाखवलं.

"डोळे माझ्याकडे तपास," तो म्हणाला, "डोकं मात्र दुसरीकडे कुठेतरी तपासून घे."

"थट्टा करू नकोस. ही अशी बसायची. अगदी अशी."

 कुशन उलटंपालटं करत तो म्हणाला, "अरे, पोरी आईवर जातात. चालणं, बोलणं, तोंड वाकडं करणं, सगळं उचलतात. आई गेल्यावर तर जास्तच. माझी बहीण बघ, आता अगदी आईसारखी शिंकते. तुझी पोरगी बसायला लागली असेल आईसारखी. त्यात काय एवढं?"

बोलणं पटण्यासारखं होतं. मी मान डोलावली. त्या दुपारी माझं कामात लक्षही लागलं.

पण वजनाचं काय? बसण्याची ढब उचलता येते. वजन कुठून उचलणार?

५

मग मी घरी तिच्याकडे बघायला लागलो. ती कामावरून आली की सोफ्यावर बसायची आणि उठायचं नाव काढायची नाही. पूर्वी पोरीचं बूड एका जागी ठरायचं नाही. आता पाणी हवं असलं तरी मलाच हाक. उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडातून "आई गं". वय काय, आणि उठणं काय!

"पायाला मुंग्या येतात बाबा. मांड्या बधिर होतात. कुणाला तरी दिवसभर घेऊन बसल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाठीचे फोटो काढले. सगळं ठीक. चाला, फिरा, पाणी प्या. फोटो मी घरी आणून पुन्हा खिडकीशी धरून बघितले, जसं काही मला त्यातलं कळतंच. पोरीची हाडं इतकी बारीक आहेत हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. हिचंही असंच सुरू झालं होतं. आधी उठवेना, मग चालवेना, मग ती खुर्ची.

आणि एक आवाज. माझ्या घरच्या सोफ्यात मी स्वतः बसवलेल्या स्प्रिंगा आहेत, त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखेन. माणूस उठला की स्प्रिंग एकदा सुस्कारा सोडते. काडी उठायची तेव्हा सोफा सुस्कारा सोडायचा. ती खोलीच्या दारापर्यंत पोचली की पुन्हा एकदा सोडायचा, जरा जास्त खोल.

मी सोफा उलटा करून पाहिला. पट्टे घट्ट होते, स्प्रिंगा जागच्या जागी होत्या. माझ्या कामात खोट नव्हती. खोट निघाली असती तर बरं झालं असतं.

६

ती डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीच्या गोळ्या घरी विसरली म्हणून मी एकदा तिच्या ऑफिसात गेलो. काचेच्या भिंती, एकसारख्या खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खुर्चीवर एक पाठ. शहरात आता पाठीच दिसतात. काडी कुठे आहे ते आधी सापडेना. मग दिसली. तिची खुर्ची सगळ्यांपेक्षा खाली होती. इतकी खाली, की तिची हनुवटी टेबलाच्या कडेशी आली होती आणि ती हात वर करून टाइप करत होती. आणि डावीकडे कलली होती.

"बाबा, तुम्ही कशाला आलात?" म्हणत ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. माझ्यासाठी पाणी आणायला गेली.

शेजारच्या टेबलावरची मुलगी हसून म्हणाली, "काका, तुम्हीच खुर्च्यांचं काम करता ना? हिची जरा बघा हो. सारखी खाली जाते. ऑफिसने बदलून दिली, तरी तेच. आम्ही हिला चिडवतो, डब्यात काय दगड आणतेस का म्हणून."

या खुर्च्यांच्या दांड्यात गॅसची नळी असते. पहिलवान बसला तरी पेलेल अशी. बाजूची कळ ओढली आणि वर कुणी नसलं, की खुर्ची उसळी मारून वर येते; एवढं पोरांनाही ठाऊक असतं, तोच त्यांचा खेळ.

मी वाकलो आणि कळ ओढली. रिकामी खुर्ची जागची हलली नाही.

पुन्हा ओढली. नळीतून फुस्स आवाज आला, नळी आपलं काम करत होती. पण वर यायचं नाव नाही. वर फक्त निळं कुशन होतं, डावीकडे खचलेलं. मी ते उचललं. हातात काहीच नाही, कापसाचं कुशन ते, चार बोटांनी उचललं गेलं. आणि दुसऱ्या हाताने कळ तशीच ओढून धरलेली असल्यामुळे खुर्ची खाड्कन वर आली, इतक्या जोरात की टेबलाला धडकली.

"अय्या! काका, जादू आहे तुमच्या हाताला!" ती मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली.

मी हसलो. काय करणार! कुशन काखेत मारलं.

७

कुशन मी दुरुस्तीच्या नावाखाली दुकानात घेऊन आलो. कामाच्या पाटावर ठेवलं आणि समोर बसलो. कात्री हातात होती, पण उसवायचा धीर होईना. उसवून बघणार तरी काय? कापूसच असणार. आणि कापूसच निघाला तर मग मी काय करणार होतो?

हात ठेवून पाहिला. ऊबदार होतं. दुकानात पंखा चालू, ऊन मागच्या बाजूला, आणि ते कुशन नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं गरम.

खोटं कशाला बोलू, मला भीतीच्या आधी मायाच वाटली. इतक्या महिन्यांत माझ्या हाताला ती ऊब लागली नव्हती. मी हात काढलाच नाही. बोलत राहिलो. दुकानाचं सांगितलं, खिडकीसमोरचं झाड तोडलं ते सांगितलं, तुझ्याशिवाय घर खायला उठतं तेही सांगितलं. आयुष्यभर जे बोलायला जीभ रेटली नाही ते एका उशीला सांगत होतो. आणि मग म्हणालो, "पण पोरीला सोड गं. तिला अजून खूप चालायचंय."

तळव्याखालचा खळगा आणखी खोल गेला. मला वाटलं असेल. वाटलंही असेल.

एक मन म्हणत होतं, ठेव दुकानात, तू बसत जा त्यावर, कुणाला कळतंय. दुसरं मन पोरीच्या हाडांचे फोटो दाखवत होतं. रस्त्यावर कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला आणि मी विचार न करता उठलो. आयुष्यात कधी मूठभर कापूस फेकला नाही, तो मी, धावत गेलो आणि कुशन गाडीत टाकलं.

"अरे, चांगलं आहे की ते!" चष्मेवाला दारातून ओरडला.

गाडीचा लोखंडी जबडा खाली आला. कागद, खोकी, भाजीचे देठ सगळं चुरत आला आणि निळ्या कापडावर येऊन थांबला. यंत्र घुरघुरलं. गाडीवाल्याने शिवी हासडली, बटण पुन्हा दाबलं, आणि या वेळी जबडा मिटला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी दुकानाच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो.  चष्मेवाला माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

८

संध्याकाळी मला घरी थांबवेना. काडीला आणायला बसथांब्यावर गेलो. म्हटलं, आज उरलेला दिवस ती पहिल्यांदाच कुशनशिवाय बसली; चालत येईल तेव्हा पाऊल कसं टाकते ते बघू.

ऑफिसं सुटायची वेळ. बस खचाखच भरून आली आणि थांब्याच्या अलीकडे अडकून पडली. आत माणसांवर माणसं उभी होती. दांड्यांना लटकलेले हात, काचेला चिकटलेले खांदे. त्यातून मला काडी दिसली. खिडकीपाशी बसली होती, डोकं काचेला टेकवून.

तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

एवढ्या गर्दीत! म्हातारी माणसं उभी, कडेवर पोर घेतलेली बाई उभी, आणि ती जागा रिकामी. कुणी त्या जागेकडे बघतही नव्हतं. पिशव्यांनी वाकलेली एक बाई पुढे सरकली, बसायला म्हणून खाली झुकली आणि मध्येच थबकून सरळ झाली. बसलेल्या माणसाच्या अंगावर चुकून बसायला जावं तसं तिचं झालं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दुसरीकडे बघू लागली. तिला स्वतःलाही कळलं नसावं आपण का बसलो नाही ते.

त्या जागेचं रेक्झिन मला दिसत होतं. माझ्या नजरेला तेवढंच दिसतं. ते दबलेलं होतं. एका बाजूला जास्त.

बस थांब्याला लागली. काडी उठली. शेजारच्या रिकाम्या जागेवरून सरळ बाहेर यायचं सोडून तिने गुडघे वळवले, अंग चोरलं, आणि कुणाच्या तरी पायांना धक्का लागू नये अशी कडेकडेने बाहेर आली. वाटेत उभी राहिली. एक हात किंचित मागे, धरायला दिल्यासारखा.

रेक्झिन सावकाश वर आलं. त्यासरशी दोन माणसं त्या जागेवर तुटून पडली आणि भांडायला लागली.

मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. हिची बसायची जागा मी काढून घेतली होती. आता हिला पोरीशिवाय टेकायलाच काही उरलं नव्हतं.

९

काडी माझ्याकडे येत होती. दहा पावलांचं अंतर, पण संपेना. डावा खांदा खाली, डावा हात कोपरात वाकलेला. चेहरा पांढराफटक.

"बाबा, आज फार दमलेय हो. पाय उचलतच नाहीत. कुशन झालं का दुरुस्त?"

मी बघत राहिलो. मला तिच्या शेजारी कुणी दिसलं नाही. देवाशपथ सांगतो, कुणी दिसलं नाही. दिसला तो फक्त पोरीच्या दंडावर, बाहीचं कापड जिथे आत दबलं होतं, तो एक आडवा पट्टा.

थांब्यावर लाकडी फळ्यांचा बाक होता. मी त्यावर जाऊन बसलो. नीट, मागे टेकून. मांडी सरळ केली.

"अगं," मी म्हणालो, "पोरगी दमलीय. तिला जाऊ दे घरी. तू इकडे ये. माझ्यापाशी बस."

"बाबा? कुणाला म्हणताय?"

"ये. मी आता कुठे जात नाही."

बस निघून गेली. धूर पांगला. लोक आमच्या पुढून जात होते, कुणी फोनवर बोलत, कुणी पोराला ओढत. काही झालं नाही. मला वाटलं, नाही येणार. मला वाटलं, म्हातारपणी वेड लागलं मला, पोरीसमोर शोभा झाली.

मग काडीचा खांदा वर आला. दंडावरचं बाहीचं कापड फुलून सरळ झालं. तिने मोठा श्वास घेतला, कितीतरी महिन्यांनी पोटभर घ्यावा तसा, आणि आधी एक, मग दुसरा पाय जमिनीवर आपटून पाहिला.

"अगं बाई! एकदम हलकं वाटतंय. काय झालं हो हे?" तिच्या गालांवर रंग येत होता. आता ती सरळ उभी होती, मधोमध, काडीसारखी.

माझ्याखालच्या फळ्या करकरल्या. ही शेजारी बसली नाही.

आधी ऊब आली, मांड्यांवर. मग भार. डावीकडे जास्त. फळी वाकली, माझ्या टाचा फरशीवर घट्ट रुतल्या, आणि गळ्यापाशी कुणीतरी दमून डोकं टेकवावं तशी मान अवघडली. मला ओरडावंसं वाटलं. आणि खरं सांगतो, त्याच वेळी मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. बोटं आखडत होती. गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत ते कळेना.

"बाबा, रडताय कशाला? उठा," काडी हसत म्हणाली. "चला घरी. आज स्वयंपाक मी करते, तुम्ही नुसतं बसा."

तिने हात पुढे केला. तो धरला तर काय होईल, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तू हो पुढे," मी म्हणालो. "मी जरा बसतो."